मामाने पाठवलेली मतं

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

ताई,

आत्ता मी छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून प्रश्नांची कार्डं लावत होतो. ती बाजूला सारून तुला लिहितो आहे. काम आठला सुरू होतं, म्हणजे हा वेळ माझा आहे, मालकाचा चोरलेला नाही.

फोन का करत नाहीस, असं तू विचारलंस. फोनवर मी काहीतरी भलतंच बोलून जातो आणि मग दिवसभर तेच डोक्यात घोळत राहतं. कागदावर निदान खोडता येतं.

तुझ्या खारूच्या शाळेत महिनाअखेर ती ‘विचारचाचणी’ आहे आणि तिच्यावरून चौथीचे दोन वर्ग करणार आहेत, एक वरच्या मजल्यावर आणि एक खाली, हे मी दोनदा वाचलं. वर गेलेल्यांना पुढे मोठ्या शाळेत थेट जागा, आणि खालच्यांना पाढे आणि शुद्धलेखन. खालचं शिक्षण काय असतं ते मला माहीत आहे. नववीत शाळा सुटेपर्यंत मी तेच केलं.

आता तू विचारलेल्या पायऱ्यांचं. आमच्याकडे शाळांचे प्रश्नसंच छापतात. प्रत्येक प्रश्नाला डोकं किती चालवावं लागतं, त्याप्रमाणे त्याची पायरी ठरते आणि तो आकडा समासात टाकायचं काम माझ्याकडे आहे. तुझ्या चष्म्याच्या दुकानातलं उदाहरण देतो. काचांचे नंबर पाठ असणं ही पहिली पायरी. कोणता नंबर कशासाठी हे समजणं ही दुसरी. गिऱ्हाइकाला तशी काच बसवून देणं, तिसरी. चष्मा लावूनही त्याचं डोकं का दुखतं ते शोधणं, चौथी. दोन काचांपैकी त्याला कोणती बरी हे कारणं देऊन ठरवणं, पाचवी. आणि बाजारात नाही अशी चौकट तू स्वतः करणं, ही सहावी. खारूच्या शाळेला पाचवी आणि सहावी हवी आहे.

सोबत दोन प्रश्न पाठवतो. खारूला सोडवायला दे. मदत करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

मी बरा आहे. इथे मला सगळे ‘रफार’ म्हणतात, कारण एका पुस्तकातला निसटलेला रफार मी छपाईच्या आधी धरला होता. फोरमनकाका आत्ताच दारातून म्हणाले, “रफार, मान वर कर जरा, बाहेर उजाडलंय.”

तुझा,
बारक्या


१० ऑगस्ट

बारक्या,

खारूची उत्तरं सोबत आहेत. मी हात लावलेला नाही, फक्त पेन्सिलीला टोक करून दिलं. तुझे भावोजी वाचून हसत सुटले. म्हणाले, “ही पोरगी वकील होणार, नाहीतर वकिलाला पैसे देत बसणार.” मला काही हसू आलं नाही. मी दिवसभर दुकानात दुसऱ्यांना दिसावं म्हणून माझे डोळे फोडते, ते काय हिला खालच्या वर्गात बसवायला? तू म्हणशील तसं करू. आपल्या घरात पुस्तकांतलं तुलाच कळतं.

ताई

(सोबतचा कागद)

प्रश्न १. रस्त्यावरचे एक मोठे झाड तोडून तिथे गाड्या उभ्या करण्यासाठी जागा करावी का? तुमचे मत कारणांसह लिहा.

मी सांगणार नाही कारण कोणतं झाड ते लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीतलं असेल तर तोडू नका, त्याला सगळ्यांच्या तारा बांधल्यात, झाड पडलं की दिवे जातील. दवाखान्यासमोरचं असेल तर तोडा, तिथे आजारी माणसाची गाडी वळत नाही. मी पाहिलं आहे, माणूस आत ओरडत होता. आधी झाड दाखवा मग विचारा.

प्रश्न २. रोजच्या एका अडचणीवर नवीन उपाय शोधा.

आईचे डोळे संध्याकाळी लाल होतात कारण ती दिवसभर बारीक स्क्रू बघते. उपाय. दुकानात दुपारी एक तास सगळ्यांनी डोळे मिटून काम करायचं. डोळे मिटून जे येतं तेच करायचं, डब्या पुसणे, कापडाच्या घड्या घालणे. गिऱ्हाईक आलं तर त्यानेपण मिटायचे. मी घरी करून बघितलं. घड्या येतात पण एक डबी फुटली.


१४ ऑगस्ट, गुरुवार
दुपारची सुट्टी

प्रिय खारू,

तुझी उत्तरं मी नीट वाचली आणि लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवतो आहे. रागावू नकोस. मामा तुझ्या भल्यासाठीच लाल करतो.

पहिल्या उत्तराची सुरुवातच ‘मी सांगणार नाही’ अशी आहे. परीक्षक तिथेच पेन खाली ठेवेल. प्रश्नाला उलट प्रश्न करायचा नसतो. शिवाय एका ओळीत ‘तोडू नका’ आणि दुसऱ्या ओळीत ‘तोडा’ म्हटलंस, म्हणजे तुझं मत काहीच नाही असं होतं. आणि दुसऱ्या उत्तरात डबी फुटल्याचं कोणी विचारलं होतं का? आपल्या उपायातली खोट आपणच सांगायची नाही.

आता हे पाठ कर:

‘माझ्या मते झाड तोडू नये. पहिले कारण, झाडे आपल्याला सावली व प्राणवायू देतात. दुसरे कारण, झाडांवर पक्ष्यांची घरे असतात. गाड्यांसाठी जागा हवी हे खरे असले, तरी ती अन्यत्र मिळू शकते. म्हणून झाड वाचवावे असे माझे ठाम मत आहे.’

‘हे खरे असले, तरी’ हे शब्द विसरू नकोस. गुण तिथे आहेत.

दुसऱ्या प्रश्नाला उलटी छत्री लिही. छत्री वाटीसारखी वर उघडते, दांडा पोकळ असतो, पावसाचं पाणी दांड्यातून खालच्या बाटलीत जमतं. आमच्या पुस्तकात ह्या उत्तराला पैकीच्या पैकी आहेत. पुस्तक बाजारात मिळतं, ह्यात चोरीचं काही नाही, हे आईलाही सांग.

आणखी काही मतं आणि तीन शोध वेगळ्या कागदांवर आहेत. रोज दोन पाठ कर आणि आईला म्हणून दाखव.

तुझा,
मामा


३१ ऑगस्ट

बारक्या,

खारू वर गेली! काल शाळेच्या फळ्यावर नावं लागली. मी तिथेच पायरीवर बसले. चाचणीत झाड नव्हतं, पण पुतळा होता. चौकातला पुतळा हलवावा का, असं विचारलं होतं. खारूने झाडाच्या जागी पुतळा घातला. पुतळे आपल्याला सावली देतात, पुतळ्यांवर पक्षी बसतात, असं लिहून आली. तरी चांगले गुण पडले.

छत्रीची गंमत ऐक. छत्री चार मुलांनी काढली. वर्गशिक्षिकेने मला चारही कागद दाखवले. मी म्हटलं, “आता हो बाई?” ती म्हणाली, “आता काय? चौघांनाही पूर्ण गुण. उत्तरसूचीत आहे ना ती.” भावोजी म्हणतात, “चार चार छत्र्या? शाळेचं छप्पर गळतंय का बघा आधी.”

तिची मैत्रीण बुटकी खालीच राहिली. दोघी आता मधल्या सुट्टीत जिन्यात भेटतात.

तू शिकला असतास तर कुठल्या कुठे गेला असतास रे.

ताई


१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आम्ही सर्व जण कुशल आहोत. तूही कुशल असशील अशी आशा आहे.

वरच्या वर्गाच्या बाई पुस्तकातले विचारत नाहीत. त्या आयत्या वेळी विचारतात. परंतु मला शेजारच्या मुलीकडून आधी कळते, कारण तिची आई बाईंकडे शिवण शिकते. म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे लवकर पाठव.

१. सुट्टीत तुम्हाला काय करायला आवडेल?
२. आपली मैत्रीण खोटे बोलली तर काय करावे?
३. वर्गाच्या भिंतीला कोणता रंग द्यावा?

सुट्टी पुढच्या आठवड्यात आहे पण भिंत शुक्रवारी आहे. भिंत आधी पाठव. पाचव्या पायरीचे असू दे.

तुझी आज्ञाधारक,
खारू


१६ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी, कामाच्या आधी

प्रिय खारू,

तुझ्या पत्रात मला एकही चूक सापडली नाही. मी दोनदा शोधली. पत्र खिशात घेऊन दिवसभर फिरलो आणि शेवटी फोरमनकाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “वय काय पोरीचं? नऊ? मला वाटलं बँकेतून आलंय.” बघ, मोठ्या माणसालाही फरक कळला नाही.

भिंत: ‘माझ्या मते भिंतीला फिकट निळा रंग द्यावा. पहिले कारण, तो डोळ्यांना शांत वाटतो. दुसरे कारण, त्यावर डाग कमी दिसतात. पिवळा रंग अधिक उजळ असतो हे खरे असले, तरी…’ पुढचं सोबतच्या कागदावर आहे. खोटं बोलणारी मैत्रीणही तिथेच आहे.

सुट्टीत तुला वाचन करायला आणि आजूबाजूच्या वस्तूंचं निरीक्षण करायला आवडेल.

ह्यापुढे प्रश्न कळला की लगेच टाक. मी त्याच दिवशी उत्तर लिहीन.

तुझा,
मामा


७ ऑक्टोबर

बारक्या,

कसं सांगू कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

परवा खारूला बूट घ्यायला नेलं. दुकानदाराने दोन जोड समोर ठेवले. म्हटलं, घाल, कुठला आवडतो सांग. ती दोन्हींकडे बघत राहिली. माझ्या मागची गिऱ्हाइकं आली नि गेली. दुकानदार म्हणाला, “ताई, पोरगी झोपली की काय?” शेवटी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “आपण उद्या येऊ या ना. मामाला विचारते.”

मी रागाच्या भरात एक जोड उचलला आणि घेतला. तो तिला चावतो. तेही ती सांगत नाही. टाच सोलवटलेली बघितली तेव्हा कळलं.

हे सांगणारच नव्हते तुला. पण काल शाळेतून निरोप आला. मधल्या सुट्टीत बुटकी जिन्यावरून पडली. हात मोडला. वर सगळे डबा खात होते, खाली मैदानात बाई होत्या. जिन्यात ह्या दोघीच. खारू तिच्याशेजारी बसून राहिली. ओरडली नाही, कोणाला बोलवायला गेली नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मुलं जिना चढायला लागली तेव्हा कळलं. बुटकीचा आवाज बसला होता रडून.

मुख्याध्यापकबाईंनी विचारलं, “अगं, कोणाला हाक का नाही मारलीस?” ही म्हणाली, “वर सांगायचं की खाली, ते ठरत नव्हतं.”

बारक्या, हीच पोरगी मागच्या वर्षी शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातून धूर येताना बघून सगळी गल्ली गोळा करून बसली होती. नुसतं दूध करपलं होतं. आम्ही किती हसलो होतो.

तिला आता झोपेत बोलायची सवय लागली आहे. ‘पहिले कारण, पहिले कारण’, एवढंच. दुसरं येत नाही.

ताई


१० ऑक्टोबर, शुक्रवार
पहाटे

ताई,

तुझं पत्र वाचल्यापासून काही सुचत नाही. काल मी एका पानावर सगळ्या प्रश्नांना तिसरी पायरी लावून ठेवली. फोरमनकाकांनी पान परत माझ्यापुढे सरकवलं.

मी खूप विचार केला. चूक माझी आहे. मी तिला झाडं, भिंती, सुट्ट्या सगळं पाठवलं, पण अपघात पाठवला नव्हता. तो विषय माझ्याकडून राहून गेला. तो आता पाठवतो आहे. तिच्याकडून पाठ करून घे:

‘अपघात झाल्यास प्रथम मोठ्याने हाक मारावी. जवळची मोठी व्यक्ती वर असल्यास वर जावे, खाली असल्यास खाली जावे. दोन्हीकडे असल्यास ज्या बाजूला पायऱ्या कमी, त्या बाजूला जावे. जखमी व्यक्तीस हलवू नये.’

आग, वाट चुकणे, अनोळखी माणूस, कुत्रा, विजेचा धक्का आणि बूट ह्यांचेही कागद जोडले आहेत. आणखी काय काय होऊ शकतं ह्याची मी यादी करतो आहे. तुला सुचेल ते कळव.

बारक्या


१४ ऑक्टोबर

बारक्या,

तुझे कागद तिला दाखवले नाहीत. दाखवणारही नाही.

बूट? अरे, बुटांचंही पाठवलंस? उद्या तहान लागली तर काय करायचं तेही पाठवशील.

मी तुझ्यावर ओरडत नाही. मीच मागितलं होतं, मीच म्हणून घ्यायचे तिच्याकडून रोज. चूक झाली की पहिल्यापासून सुरू करायला लावायचे. एकदा मधेच ती म्हणाली होती, “आई, पण आपल्या गल्लीतल्या तारा?” मी म्हटलं, तारा नाहीत त्यात, पुढे म्हण.

तिला लिहू नकोस आता. मी सांगेपर्यंत मलाही नको.

ताई


२ नोव्हेंबर, रविवार
सकाळचे साडेनऊ, खोलीवर

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस आणि मी लिहितो आहे. हे तुझ्यासाठी आहे, खारूला वाचून दाखवू नकोस.

गुरुवारी आमच्या संपादकबाई मागच्या खोलीत आल्या. त्या इथे सहसा येत नाहीत, धुळीने त्यांना शिंका येतात. हातात नवीन आवृत्तीची पानं होती. म्हणाल्या, “रफार, ही उलटी छत्री यंदा इतक्या शाळांमधून उत्तर म्हणून आलीय की शिक्षक कंटाळलेत. काढू या का ती?”

मी म्हटलं, “मालकांना विचारून सांगतो.”

“मालकांना मी विचारीन. तुम्ही रोज हे प्रश्न वाचता. तुम्हाला काय वाटतं?”

मी टेबलावरची उत्तरसूची हातात घेतली. बाई हसल्या. “अहो, त्यात नाही ते. मी तुमचं विचारतेय.”

ताई, मला काहीच आलं नाही. छत्री चांगली की वाईट, ठेवावी की काढावी, मला खरोखर ठाऊक नव्हतं. पायरी विचारली असती तर झोपेतून उठून सांगितली असती. ही पायरी पाचवी आहे, एवढंच डोक्यात येत होतं. बाईंना एक शिंक आली, मग म्हणाल्या, “बरं, विचार करून सांगा,” आणि गेल्या. फोरमनकाकांनी कापणीचं यंत्र परत सुरू केलं.

बुटांच्या दुकानात खारू कशी उभी राहिली असेल ते मला तेव्हा दिसलं. मी तिला पाचव्या पायरीवर नेतो आहे असं मला वाटत होतं. मी पहिलीच पायरी तिला पाचवीचा आकडा घालून दिली. माझ्याकडे तेवढीच होती.

ह्यावर काय करायचं ते मला कळत नाही. कोणी सांगितलं तर करीन असंच मनात येतं, आणि मग त्याचीच भीती वाटते.

बारक्या


९ नोव्हेंबर

मामा,

हे पत्र आईला माहीत नाही. पाकीट बाबांच्या कपाटातलं आहे.

मुख्याध्यापकबाईंनी आईला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या मी वर्गात काही बोलत नाही. मला वर राहायचं की खाली जायचं ते मी शुक्रवारी त्यांच्या खोलीत येऊन स्वतः सांगायचं आहे. कारणांसह. नाही सांगितलं तर त्या ठरवणार.

आई म्हणते तू ठरव. बाबा म्हणतात तू ठरव. मी विचारलं तुम्हाला काय वाटतं तर दोघं एकमेकांकडे बघतात. कोणीच सांगत नाही. तू सांगितलं होतंस की प्रश्न कळला की लगेच टाक. टाकला आहे.

शुक्रवारच्या आत पाठव. खूप लांब नको, मला आता पाठ व्हायला वेळ लागतो.

खारू


११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी सात वाजता

प्रिय खारू,

तुझं पत्र काल मिळालं. उत्तर पाठवत नाही आहे.

पाठवायचं होतं. काल मी लिहिलंही. आधी वर राहण्याचं लिहिलं. पहिले कारण, दुसरे कारण, ‘हे खरे असले, तरी’, सगळं. चांगलं झालं होतं. मग मनात आलं, खाली जायचं असेल तर? म्हणून तेही लिहिलं. तेही तितकंच चांगलं झालं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बघत बसलो. दोन्हींना पैकीच्या पैकी मिळाले असते, खारू. आणि तू कोणत्या वर्गात बसावंस हे मला दोन्ही लिहून झाल्यावरही माहीत नव्हतं. मी घाबरलो आणि दोन्ही फाडले.

मला खरंच माहीत नाही. मी तो वर्ग पाहिलेला नाही, त्या बाई पाहिलेल्या नाहीत, बुटकीलाही पाहिलेलं नाही. तुला तिथे सकाळी बसल्यावर कसं वाटतं ते मी तुला कधी विचारलं नाही.

शुक्रवारी काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तू जे बोलशील त्याला मी लाल करणार नाही. एवढंच मला आज नक्की सांगता येतं.

पाकीट घेतल्याचं बाबांना सांगून टाक. ते रागावणार नाहीत.

मामा


२३ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी तीन वेळा पाकीट उलटं करून झटकलं. मला वाटलं उत्तराचा कागद आत अडकला असेल.

शुक्रवारी मी मुख्याध्यापकबाईंच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या बोल. आई बाहेर बाकावर होती, तिची चप्पल दिसत होती. मग बाई म्हणाल्या वर की खाली. मी म्हटलं मला अजून कळलं नाही, मी एक आठवडा वर बसते आणि एक आठवडा खाली बसते आणि मग सांगते. त्या म्हणाल्या असं नसतं, हे उत्तर झालं नाही. मी म्हटलं मग तुम्ही प्रश्न दोन आठवड्यांनी विचारा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. सोमवारपासून मी खाली आहे.

आई रडली. दुकानात तिने एका माणसाच्या चष्म्याला दुसऱ्याच्या काचा बसवल्या. बाबा म्हणाले होऊ दे, त्यालापण जरा वेगळं जग दिसू दे. आई हसली नाही.

खाली पंखा नाही. बाई सारखे पाढे म्हणायला लावतात. बुटकीच्या हाताचं प्लास्टर काढलं, हात बारीक झालाय. ती माझ्याशेजारी बसत नाही. म्हणते तू नुसती बघत बसलीस. मी तिला कारण दिलं नाही कारण तिचं बरोबर आहे. मी रोज तिचं दप्तर उचलते, ती रोज काढून घेते. परवा काढून घेतलं नाही, पण बोललीपण नाही.

मला तुझा खूप राग आला आहे. कारणं सांगते.

पहिलं, तू भिंतीचं पाठवलंस, सुट्टीचं पाठवलंस, आणि जे खरं होतं तेवढंच पाठवलं नाहीस. मी तीन दिवस रडले.

दुसरं, तुला माहीत नसतं हे तू आधी का सांगितलं नाहीस? मला वाटायचं तुला सगळं येतं, म्हणून माझ्या डोक्यात काही आलं की मी ते थांबवायचे. आता थांबवायची सवय लागली. ती जात नाही पटकन.

तिसरं, मी सगळ्यात आधी जी दोन उत्तरं लिहिली होती ती तू लाल करून परत पाठवलीस. ती अजून माझ्या खणात आहेत. परवा मी ती आईला वाचून दाखवली. आई म्हणाली चांगली होती गं ही. मग तू का खोडलीस? चांगली होती तर का खोडलीस? आणि वाईट होती तर आई आता खोटं बोलते का? त्यात काय चुकलं होतं ते तू सांगितलंच नाहीस, नुसतं दुसरं लिहून दिलंस.

ह्याचं उत्तर पाहिजे. पाठ करायचं पाठवू नकोस. पत्रातपण नको, पत्रात तू खोडतोस. इथे येऊन सांग.

खारू


२७ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारचे पावणेदोन, रजेचा अर्ज लिहून झाल्यावर

ताई,

खारूचं पत्र सोबत पाठवत नाही, ते मला आलेलं आहे. तू तिला विचारलंस तर तीच तुला सांगेल. त्यात चुका होत्या. मी पेन उचललं नाही.

शनिवारी सकाळच्या बसने येतो. बहुधा हे पत्र आणि मी एकाच दिवशी पोचू. तुझ्या मनात माझ्याबद्दल जे असेल ते तोंडावर बोल, मी ऐकेन. भावोजींना सांग की स्टँडवर येऊ नका, मला वाट माहीत आहे.

संपादकबाईंना मी छत्री काढा असं सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ती कोणाचीच नाही. आणखी काही बोलता आलं नाही. त्या म्हणाल्या, “बरं.” बरोबर सांगितलं की चूक ते मला अजून कळलेलं नाही आणि ते बघायला सूची नाही, त्यामुळे दोन रात्री झोप लागली नाही.

खारूला काय सांगायचं ते मी काल लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या, पाचवीत ‘हे खरे असले, तरी’ आलं. कागद ठेवून दिला. येताना काही लिहून आणत नाही.

खर्च: बसचं तिकीट, जाऊन-येऊन, एकशे ऐंशी. बुटकीसाठी रंगीत खडूंची पेटी, चाळीस. ती घेताना कोणती घ्यावी हे दुकानदाराला विचारलं नाही.

देणं: फोरमनकाकांकडून घेतलेली उचल, तीनशे. खारूच्या तिसऱ्या कारणाचं उत्तर.

बारक्या